मदत हवी आहे: कराटेतले जपानी शब्द, रविवारी लेकीची परीक्षा

नमस्कार मंडळी,

लेक आठ वर्षांची, जूनपासून कराटेला जाते. शैली शोतोकान. रविवारी पांढऱ्याचा पिवळा पट्टा व्हायची परीक्षा आहे आणि या वेळी सर तोंडीही घेणार आहेत, शब्द आणि अर्थ दोन्ही. क्लासमध्ये छापील काही देत नाहीत, सगळं कानावर. तिने आपल्या मनाने वहीत उतरवलंय ते असं: 'माय गेरी - लाथ. गेदान बराई - हात खाली. जॅकसू दाची - वाकून उभं राहणे. ओय झुकी - बुक्की.'

मी नेटवर शोधायला गेले आणि गोंधळ वाढवून आले. लाथ म्हणजे एकीकडे 'केरी', दुसरीकडे 'गेरी'. 'त्सुकी' खरं की 'झुकी'? मोजताना चार म्हणजे 'शी' (इथे अख्खी बॅच फिदीफिदी हसते, सरांनी आता नाद सोडलाय), मग चौथ्या काताचं (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम) नाव 'योनदान' कसं? आणि 'सोतो उके' करताना एका व्हिडिओत हात बाहेरून आत येतो, दुसऱ्यात आतून बाहेर जातो! पोळ्या लाटताना कमरेत बुक्क्या बसतायत त्या मी सोसतेय, पण चुकीचं पाठ करून घ्यायचं नाहीये. कोणी सांगेल का?

निहोंगो_पुणे:
ताई, केरी आणि गेरी एकच. वाक् + ईश = वागीश, जगत् + ईश = जगदीश आठवतंय ना शाळेतलं? साधारण तसाच प्रकार. फरक एवढाच की आपल्या संधीत पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर मऊ होतं, त्यांच्याकडे दुसऱ्याचं पहिलं. एकटी असली की केरी, आधी 'माए' म्हणजे समोर लागलं की माए-गेरी. 'ताची' म्हणजे उभं राहणं, त्याचं झेनकुत्सु-दाची (झेन पुढे, कुत्सु वाकलेलं). 'हराई' म्हणजे झाडून बाजूला सारणं, त्याचं बराई. 'त्सुकी' म्हणजे खुपसणं, त्याचं ओई-झुकी. 'ओई'त पाठलाग आहे, म्हणून पाऊल पुढे टाकत मारायचा ठोसा. प्रत्येक जोडशब्दात असं होतंच असं नाही, पण वहीतले चारही यात बसले.

उच्चारासाठी इंग्रजी स्पेलिंग बघू नका. 'त्सु' म्हणजे 'चूक'मधला चू. 'झु' म्हणजे 'जुना'मधला जु. हे दोन आवाज आपल्याला घरचेच, उगाच जीभ वळवायला नको.

जुना_पट्टा:
वरचं संधीचं प्रकरण आवडलं, अकरा वर्षं कराटे करून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी एक भर घालतो. 'दान' म्हणजे पायरी. गेदान खालची, चुदान मधली, जोदान वरची. म्हणजे कमरेखाली, धड आणि तोंड. काळ्या पट्ट्यातला 'शोदान' तोच, पहिली पायरी. 'शो'चा अर्थ सुरुवातीचा, म्हणून काळा पट्टा बांधून मिरवणाऱ्याला आमचे सर म्हणायचे, आता बालवाडीत आलास. हेइआन शोदान ही 21 हालचालींची काता. या हेइआन मालिकेतल्या काता ओकिनावात इतोसू आन्को या कराटेगुरूंनी बसवल्या, तेव्हा नाव 'पिनान'. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी तीच अक्षरं जपानी पद्धतीने वाचून 'हेइआन' केलं.

चौथीला 'शिदान' म्हणत नाहीत, कारण 'शी'चा दुसरा अर्थ मृत्यू. मोजताना चालतं, इतर बऱ्याच ठिकाणी 'योन' वापरतात.

'उके'ला ब्लॉक म्हणून पाठ करून घेऊ नका. 'उकेरु' म्हणजे घेणं, स्वीकारणं. आलेला हात अंगावर घ्यायचा आणि वळवायचा. सोतो म्हणजे बाहेर, उची म्हणजे आत. शोतोकानमध्ये हात जिथून निघतो त्यावरून नाव, काही शैलींत जिकडे जातो त्यावरून. तुमचे दोन्ही व्हिडिओ बरोबर, लेकीसाठी बाहेरून आत येणारा. आणि 'शुतो उची' (हाताच्या कडेचा वार) मधली उची वेगळी बरं का, तिचा अर्थ मारणं.

सडेतोड:
आठ वर्षांच्या पोरीला व्युत्पत्ती कशाला? योई तयार, हाजिमे सुरू, यामे थांब, मावात्ते वळ, नाओरे परत मूळ जागी. एवढं कळलं की झालं. बाकी पाय उचलला जातोय का ते बघा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सडेतोड, पाय उचलला जातोय, काल फ्रीजला लागला.

लेकीने वही नव्याने लिहायला घेतलीय. तुकडे पाडून दिल्यावर तीच सांगायला लागली, "आई, माए-गेरी समोर, म्हणजे योको-गेरी बाजूला असणार, सर बाजूला मारताना योको म्हणतात." मी वहीवर हात ठेवून बघतच राहिले.

आता तिचा एक प्रश्न. 'इची, नी, सान'मध्ये 'नी' म्हणजे दोन. मग सुरुवातीला 'सेन्सेई नी रेई' म्हणतात त्यातला 'नी' काय? दोन वेळा रेई का?

निहोंगो_पुणे:
हा हा, नाही. हा 'नी' म्हणजे आपला 'ला'. 'रेई' म्हणजे वाकून नमस्कार. सेन्सेई नी रेई, सरांना नमस्कार. शोमेन नी रेई, समोरच्या दर्शनी बाजूला. ओतागाई नी रेई, एकमेकांना. रचनाही मराठीसारखीच, आधी कोणाला आणि मग काय. 'सेन्सेई'ची फोड मात्र 'आधी जन्मलेला', म्हणजे आपला अग्रज. वापर मात्र गुरू या अर्थाने.

धागाकर्ती:
अरे देवा. ती जूनपासून सरांसमोर दोनदा वाकतेय. सर मागच्याच आठवड्यात मला म्हणाले, तुमची मुलगी फार नम्र आहे हो.