धाकट्या भावासाठी बालवाडी: या जूनला घालावं की वर्षभर थांबावं? (धायरी, सिंहगड रोड)

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या भावाचा आहे. मी टी.वाय.ला आहे आणि तो सव्वादोन वर्षांचा. (हो, सख्खा भाऊ. चौकशीला गेले की काउंटरवरच्या मॅडम मलाच 'मम्मी' म्हणतात. आता मी काही बोलतसुद्धा नाही.) आईचं पोळीभाजी केंद्र आहे, ते पहाटेच सुरू होतं. बाबा चाकणला कंपनीत, त्यांची बस उजाडायच्या आत येते. त्यामुळे शाळा शोधायचं काम माझ्याकडे आलंय आणि पुढे सोडणं-आणणंही बहुतेक माझ्याच गळ्यात पडणार.

खरी अडचण त्याच्या जन्मतारखेची आहे. नोव्हेंबरच्या शेवटी जन्म. आपल्या राज्यात प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात. त्या दिवशी तीन पूर्ण असतील तर नर्सरी, सहा पूर्ण असतील तर पहिली. म्हणजे येत्या जूनला तो नियमात बसतो. पण बसतो म्हणजे कसा? वर्ग सुरू होईल तेव्हा साहेब अडीच वर्षांचे आणि शेजारी बसलेलं जानेवारीतलं मूल जवळजवळ साडेतीनचं. या वयात दहा महिने म्हणजे फार झाले. ते मूल 'टीचर, याने माझा डबा घेतला' अशी रीतसर तक्रार करणार आणि आमचा अजून 'पानी' आणि 'नको' एवढ्यावर सगळा कारभार चालवतो. शिवाय हे अंतर नर्सरीपुरतंच राहत नाही. पहिलीत जाईल तेव्हाही तो साडेपाचचाच असेल, आणि तिथे खरंखुरं वाचन-लेखन सुरू होतं. वर्षभर थांबलो तर साडेतीनला नर्सरी, साडेसहाला पहिली.

बाबा म्हणतात, वर्ष कशाला फुकट घालवायचं. आजी म्हणते, आमच्या वेळी थेट पहिलीतच नाव घालायचे, कुणाचं काय अडलं? आई दोघांचं ऐकून पोळ्या लाटते. माझं मत थांबावं असंच आहे, पण थांबल्यामुळे काही हातचं जाणार नाही ना, ही धास्ती आहे.

धास्तीचं कारण म्हणजे वडगावच्या बाजूची एक मोठी शाळा. तिची स्वतःची नर्सरी आहे आणि तिथे स्पष्ट सांगितलं की पहिलीच्या जागा आमच्याच सीनियर केजीतून भरतात, बाहेरच्यांना फारशा उरत नाहीत, तेव्हा आत्ताच घ्या. प्रवेशाआधी 'भेट' असते म्हणून आईला घेऊन गेले. भावाला रंग ओळखायला लावले (त्याने सगळ्यांना 'नको' म्हटलं) आणि आईला शिक्षण विचारलं. तिने दहावी सांगितलं. मॅडमनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमात मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन प्रवेश ठरवायला मनाई आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंडही आहे. मी हे तिथे हळूच काढलं तर 'अहो, ही नुसती ओळख' असं उत्तर मिळालं. त्यामुळे शाळा चांगली असली तरी माझं मन उतरलंय. २५ टक्क्यांच्या राखीव जागांचं कुणी सुचवण्याआधीच सांगते, आमचं उत्पन्न १ लाखाच्या वर आहे, त्यात बसत नाही.

दुसरं ठिकाण एका बंगल्यातलं, मोठ्या साखळीपैकी. एसी, कॅमेरे, डब्यात काय खाल्लं तेसुद्धा मोबाइलवर. दारावरच बोर्ड आहे, 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार'. आत गेल्यावर नर्सरीच्या मुलांच्या वह्या अभिमानाने दाखवल्या. उभ्या रेघा, आडव्या रेघा, पानंच्या पानं! त्या धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यासाठीच्या २०२२च्या अभ्यासक्रम आराखड्यात सगळा भर खेळ, गाणी, गोष्टी आणि गप्पांवर आहे. बोर्ड रंगवणाऱ्याने तो वाचला असेल तर असेल. वर्गात वीसेक मुलं, एक टीचर, एक मावशी. मावशी मात्र मला आवडल्या. मी फीचं विचारत होते तेवढ्यात त्यांनी न सांगता भावाचं नाक पुसलं. अट अशी की डायपर पूर्ण सुटलेला हवा. आमचं त्या बाबतीत दिवसा जमतं, रात्री रामभरोसे.

तिसरा पर्याय गल्लीतच आहे. एक बाई स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर मराठी बालवाडी चालवतात, फी अगदी माफक, वाळूचा हौद, अंगणात पाण्याचं टीप. वह्या नाहीतच. जवळच अंगणवाडीही आहे. तीनच्या आतल्या मुलांना तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, पण बसायला आणि तिथला गरम खाऊ खायला तीन पूर्ण लागतात. म्हणजे आमचा नोव्हेंबरनंतर. ओळखीतले लोक अंगणवाडी म्हटलं की नाक मुरडतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला शाळा मुलांच्या दारात नेली, त्याला शिकलेली माणसं आजही नावाजतात. मग आपल्याच दारातली का चालत नाही, मला कळत नाही. इथल्या सेविका ताईंकडे तक्ते कमी असतील, पण त्या मुलांच्या उंचीला, खाली बसून बोलतात. हे मी तिन्ही ठिकाणी मुद्दाम बघत होते.

अंतराचंही बघावं लागतं. गल्लीत आजी गुडघे सांभाळत का होईना, चालत जाऊन त्याला आणू शकते. वडगावला ते शक्य नाही. शाळा बाराला सुटते, तेव्हा आईकडे डब्यांची ऐन घाई आणि माझं कर्वे रोडला लेक्चर. उड्डाणपूल झाला तरी सिंहगड रोडची सकाळ तुम्हाला ठाऊक आहे. अडीच वर्षांच्या मुलाला व्हॅनमध्ये एकटं बसवायला मन धजत नाही. कुणी बसवत असेल तर काकांबरोबर मदतीला बाई असते का, तेही सांगा.

तर मदत हवी आहे ती अशी. ज्यांची मुलं ऑक्टोबर ते डिसेंबरमधली आहेत, त्यांनी घातलं की थांबले? नर्सरीतलं नको, पहिली-दुसरीत काय झालं ते सांगा, कारण नर्सरीत सगळ्यांचंच छान चाललेलं असतं. आणि बालवाडी बाहेर करून नंतर धायरी, वडगाव, आनंदनगर भागातल्या चांगल्या मराठी किंवा सेमी शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला, असं कुणी आहे का? की 'जागा उरत नाहीत' हे खरंच आहे? शाळेत काम करणारं कुणी असेल तर मुलाखतीच्या त्या कलमाबद्दलही लिहा. नर्सरीला ते धरतात का?

मराठी की इंग्रजी हा वाद कृपया इथे नको, तो आमच्याकडे रोज रात्री जेवताना होतो.

भर: काहींनी फी विचारली. बंगल्यातल्या ठिकाणी वर्षाला साठ हजारांच्या पुढे, गणवेश आणि 'ॲक्टिव्हिटी किट' वेगळं. मोठ्या शाळेचा आकडा प्रवेश पक्का झाल्यावर सांगतात म्हणे. वर एकांनी सुचवलंय की नोव्हेंबरपर्यंत गल्लीतल्या बाईंकडे रोज दोन तास बसवा, मग अंगणवाडी आणि पुढच्या जूनला नर्सरी. आजीला हे फार पटलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. असं केलेल्या कुणाचा अनुभव असेल तर लवकर लिहा, वडगावच्या शाळेचा फॉर्म शनिवारपर्यंतच घेणार आहेत.