मिथेन उपग्रहाला दिसतो, पण बातमी झाल्याशिवाय कोणी हलतं का?

चेंबूरकर: ऑगस्ट 2022 मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई इथल्या डंपिंग ग्राउंडवरून निघणारा मिथेन, म्हणजे कचरा कुजताना सुटणारा, हवामान तापवणारा वायू, त्यात उपग्रहांनी मोजला होता. मुंबईतल्या एका डंपिंगवर ताशी 9.8 टन! माझं मत सरळ आहे: आकडा काढून भागत नाही, तो छापून यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने उपग्रहांच्या आधारे सरकारांना आणि तेल-वायू कंपन्यांना गळतीचे 1,200 हून जास्त इशारे धाडले. 2024 च्या अहवालात उत्तरांचं प्रमाण किती, तर एक टक्का. गुपचूप पाठवलेलं पत्र फायलीत जातं. पहिल्या पानावर आलं की साहेबांचे फोन वाजतात.

आकडेमोड: तेलवाल्यांचं उदाहरण इथे लागू नाही. गळका व्हॉल्व्ह दुपारपर्यंत बंद करता येतो, कुजणाऱ्या डोंगराला व्हॉल्व्ह कुठून आणणार? आणि बातम्यांत आलेले ते 'वर्षाला 85,000 टन' आठवतात? 9.8 गुणिले 24 गुणिले 365 करून बघा. उपग्रह मुंबईवरून क्षणभर सरकतो, त्याची वर्षभराची बातमी होते. जून ते सप्टेंबर तर ढगांमुळे त्याला बहुतेक काही दिसतच नाही, आणि आपला कचरा सगळ्यात ओला असतो तो तेव्हाच. रोज जग टिपणाऱ्या ट्रोपोमी या उपग्रहावरच्या उपकरणाच्या चित्रातली एक चौकट साधारण 7 गुणिले 5.5 किलोमीटरची. त्यात देवनारचं डंपिंग, गोवंडी, चेंबूर सगळं मावेल. बारीक बघणारे उपग्रह आहेत, पण ते रोज येत नाहीत.

चेंबूरकर: मग जमिनीवर यंत्रं बसवा आणि रोजचा आकडा लोकांपुढे ठेवा. उपग्रहाचं नाव कोण काढेल? तो आकडा ठेवत नाहीत म्हणून तर आकाशातून बघावं लागतं.

गोवंडीची ताई: मिथेनला वास नसतो हो. आमच्या नाकाला झोंबतं ते वेगळंच, त्याचा आकडा या भांडणात कुठेय? जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटलं, धूर नासाच्या चित्रांत दिसला, पेपरांनी पानंच्या पानं छापली. पण बिल्डर हलले ते फेब्रुवारीअखेर, उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या प्रश्नावरून नव्या बांधकामांना मनाई केली तेव्हा. पुढे सर्वोच्च न्यायालयातून तीही सैल झाली. डंपिंग 1927 पासून आहे तिथेच आहे.

आकडेमोड: म्हणजे काम कोर्टाने केलं, पेपरने नाही. हेच म्हणतोय मी.

चेंबूरकर: आणि कोर्टापुढे जाणाऱ्याने पुरावा म्हणून काय न्यायचं, नाक?

गोवंडीची ताई: दवाखान्याचे केसपेपर न्या. गठ्ठे आहेत आमच्याकडे. ते मागायला अजून एकही बातमीदार आलेला नाही.