टीएसएच एकदम ०.०४, पण त्रास काहीच नाही, असं होतं का?

चहापोळी:
वहिनीला थायरॉईडची गोळी चालू आहे, ७५ ची, टीएसएच (शरीरात थायरॉईड जास्त झालं की हा खाली जातो) कायम ३ च्या आसपास असायचा. परवा ०.०४ आला आणि फ्री टी४ (थायरॉईडचं हार्मोन) वर गेलाय. ना धडधड, ना घाम, वजन तर उलट वाढलंय म्हणून तिची कुरकुर चालू असते. डॉक्टर सोमवारी भेटणार, तोवर सासूबाईंचं एकच, गोळी बंद कर. काय करावं?

लॅबवाला:
मनाने गोळी बंद नका करू. केसांसाठी काही घेतायत का त्या? बायोटिन वगैरे?

चहापोळी:
हो! स्किनच्या डॉक्टरांनी दिलंय, १० एमजी, रोज सकाळी. पण ते तर व्हिटॅमिन आहे ना?

लॅबवाला:
तिथेच घोळ होतो ताई, व्हिटॅमिन म्हणून पेशंट सांगत नाही आणि रक्त घ्यायला येणारा पोरगा विचारत नाही. दिवसाला लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम, ही गोळी त्याच्या तीनशे पटीहून जास्त. बऱ्याच किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन (किटमधलं एक प्रोटीन) एकमेकांना घट्ट चिकटतात यावरच टेस्ट चालते, आता रक्तातच एवढं बायोटिन असलं की ते एसटीत रुमाल टाकल्यासारखं आधीच जागा धरून बसतं. मग टीएसएच खोटा कमी येतो, आणि फ्री टी३, टी४ ची पद्धत उलटी म्हणून ते खोटे जास्त. रिपोर्ट अगदी हायपरथायरॉईडचा, म्हणजे थायरॉईड जास्त झाल्याचा, आणि माणूस ठणठणीत. सगळ्याच किटना हे होत नाही, म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये नॉर्मलही येऊ शकतो.

निवांत_पुणेकर:
हे फक्त थायरॉईडचं नाही हां. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) इशारा दिला होता, त्यात बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटं कमी आलेला एक पेशंट दगावल्याचा उल्लेख आहे. ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅकसाठी बघतात ते.

मीनल_के:
पण सगळं बायोटिनवर ढकलू नका, गोळीचा डोस खरंच जास्त होत असेल तरी हेच आकडे येतात, आणि त्रास जाणवेलच असं नाही. आणि थायरॉईडची गोळी घेऊन लगेच रक्त दिलं की फ्री टी४ काही तास थोडा वर दिसतो, टीएसएच मात्र तेवढ्याने पडत नाही.

लॅबवाला:
बरोबर. डॉक्टरांना विचारून बायोटिन निदान दोन दिवस बंद ठेवा, मग सकाळी थायरॉईडची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर पण बघा, त्यातही असतं.

चहापोळी:
पाकीट बघितलं, त्यातही आहे 🤦 सोमवारी दोन्ही घेऊन जाते. वहिनी विचारतेय, दोन दिवसांत केस जास्त गळणार नाहीत ना?