शहरातली नदी पुन्हा जिवंत करताना आधी काठ घ्यायचा की आधी पाणी? (एक प्रश्न आणि त्याला आलेली उत्तरं; परिच्छेदाच्या सुरुवातीला लिहिणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

काठावरून: शहराच्या मधोमध जाणारी साधारण चार किलोमीटरची नदी. तळ आणि दोन्ही भिंती काँक्रीटच्या. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात नुसतं सांडपाणी. आराखड्यात पहिल्या टप्प्यात फिरायचा रस्ता, बाग आणि पाणी अडवणारे छोटे बंधारे आहेत, सांडपाणी तिसऱ्या टप्प्यात. हा क्रम चालेल का? भिंती काढता येतील का? काठावरच्या वस्त्यांचं काय होतं?

त्रिकोणी खाच: क्रम उलटा आहे. सांडपाणी चालू असताना बंधारा घातला की मैल्याचं तळं होतं: वेग मरतो, गाळ बसतो, विरघळलेला प्राणवायू संपतो, मग दुर्गंधी, डास आणि जलपर्णी.

आधी नदीत उतरणारं नाल्या-गटारांचं प्रत्येक तोंड नकाशावर घ्या. सलग तीन कोरडे दिवस गेल्यावर चालत पाहणी करा. तेव्हाही जे वाहतंय ते पावसाचं पाणी नव्हे. लहान तोंडाला बादली आणि घड्याळ पुरे. मोठ्याला 90 अंशांची त्रिकोणी खाच असलेली फळी आडवी लावा. प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = 1.38 × उंची (मीटर) चा 2.5 वा घात. खाचेच्या तळापासून पाणी 10 सेंटिमीटर वर असेल तर सेकंदाला सुमारे 4.4 लिटर, म्हणजे दिवसाला पावणेचार लाख लिटर. माणशी 100 लिटर धरा: पावणेचार हजार लोकांचं सांडपाणी एका तोंडातून. उंची मात्र खाचेपाशी मोजू नका, तिथं पाणी खाली वाकतं. पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन मोजा. सकाळी प्रवाह फुगतो, म्हणून 24 तासांच्या नोंदी हव्यात.

चुकीच्या जोडण्या (घरातलं सांडपाणी पावसाच्या गटाराला जोडलेलं) रंग सोडून किंवा वाहिनीत धूर भरून सापडतात. त्या घराच्या पातळीवर सुटल्या तर उत्तम. नाहीतर सांडपाणी नदीत पडण्याआधीच अडवून नेणारी वाहिनी काठाने टाकावी लागते. तिथं तीन गोष्टी हमखास बिघडतात. जाळी कचऱ्याने तुंबते आणि सगळं पुन्हा नदीत जातं. तोंडाला पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी एकदिशा झडप नसली तर पुरात नदीच वाहिनीत शिरते. उतार कमी पडून वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली गेला की गाळ साचतो. पंपाला पर्यायी वीज हवी, हे लिहायचीही गरज पडू नये, पण पडते.

वळणवाट: भिंती काढण्याबद्दल. मॅनिंग गुणांक म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा; तो जितका मोठा तितकं पाणी हळू. गुळगुळीत काँक्रीटचा 0.015 च्या आसपास, गवत-झुडपं असलेल्या पात्राचा 0.04. रुंदी, खोली आणि उतार तेच ठेवलेत तर वहनक्षमता चाळीस टक्क्यांच्याही खाली येते. त्यामुळे जागा मिळाल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. सिंगापूरच्या बिशान उद्यानात 2012 साली 2.7 किलोमीटरचा सरळ कालवा 3.2 किलोमीटरची वळणदार नदी झाला, पण पुराच्या पाण्याला उद्यानातच जवळपास 100 मीटर रुंदी मिळाली. काठ बांधायच्या पद्धतीही आधी 60 मीटरच्या तुकड्यावर तपासल्या होत्या.

जागा एकाच बाजूला असेल तर ती एकच भिंत पाडा आणि पायरीसारखा पूरतट करा. तळाचं काँक्रीट फोडण्याआधी पुलांच्या पायाची खोली बघा; तळ खरवडला गेला तर पाया उघडा पडतो.

काठावरून: सांडपाणी अडवल्यावर उन्हाळ्यात पात्र कोरडं राहील ना? बाहेरून पाणी पंपाने आणलं तर?

त्रिकोणी खाच: राहील. दक्षिण कोरियात सोल शहरातल्या, 2005 साली पुन्हा खुल्या केलेल्या चोंगग्येचॉन ओढ्यात रोज सुमारे 1,20,000 घनमीटर पाणी पंपाने आणावं लागतं, बहुतांश हान नदीतून. देखणं काम आहे, पण वीजबिल कायमचं. त्यापेक्षा प्रक्रिया केलेलं पाणी नदीच्या वरच्या टोकाला सोडा. अमोनिया आणि क्लोरीन काढल्याशिवाय मात्र नको, मासे मरतात. फॉस्फरस राहिला तर शेवाळ ठरलेलं.

गल्लीबोळ: वस्त्यांचा प्रश्न शेवटी ढकलू नका. पाणी सुधारलं की जागेचे भाव आणि भाडी चढतात. भाडेकरू सगळ्यात आधी बाहेर पडतात, कारण त्यांच्याकडे कागद नसतो. कामाची घोषणा होण्याआधी घरटी नोंद करा, भाडेकरूंसह. पूररेषेतली घरं हलवावी लागली तर चालत जाण्याच्या अंतरातच, आणि नवी घरं तयार झाल्यावर.

फिरायच्या रस्त्याला 200-300 मीटरवर वर येणारी वाट हवी. लांबच लांब बंद पट्टा संध्याकाळनंतर ओस पडतो, शिवाय पाणी अचानक वाढलं तर माणसं अडकतात. दिवे आणि बाकं पाण्याखाली जाणारच असं धरून निवडा. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच धुवायचा, वाळला की कुदळ लागते. त्या गाळकामाची वार्षिक तरतूद मूळ निविदेतच धरून ठेवा.