प्रतिसाद: कोर्स कोणी लिहिलाय?

बायबल शिकवणाऱ्या कोर्सबद्दल 'वचनं बायबलमधलीच आहेत, मग लेखक कोण याच्याशी काय देणंघेणं?' असं एकानं विचारलंय. देणंघेणं आहे की! शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा, उपासनेचा दिवस) शनिवारी पाळा असं कोर्स सांगत असेल तर तो बहुधा ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा. यहोवाचे साक्षीदार हा आणखी एक गट; ते त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मानत नाहीत. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांच्यात ६६. वचन तेच, पण पुढचा प्रश्न कुठल्या उत्तराकडे ढकलायचा हे लिहिणारा ठरवतो. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेबांचं नाव निदान चर्चवरच आहे! कोर्समध्ये 'आमचा विश्वास' हे पान आणि तळाची कॉपीराइटची ओळ बघा. 'आम्ही कुठल्याच पंथाचे नाही' एवढंच असेल, तर मी तो आधी चर्चच्या पाळकांना दाखवीन. कोर्सवाल्यांना माझं नाव-नंबर त्यानंतर.