कातरलेले सिलिक्वा : वजनावर जाऊ नका

१.३ ग्रॅमचा एक सिलिक्वा, म्हणजे रोमन साम्राज्यातलं चांदीचं छोटं नाणं, केवळ हलका म्हणून नकली ठरवलेला वाचला. हा निष्कर्ष मला पटत नाही. रोमन सम्राट कॉन्स्टँटियस दुसरा याच्या काळात, इ.स. ३५०च्या दशकात, सिलिक्वा साधारण २ ग्रॅमवर आला आणि पुढे ब्रिटनमध्ये त्याच्या कडा सर्रास कातरल्या गेल्या. १९९२ साली इंग्लंडमध्ये सापडलेल्या हॉक्सनच्या साठ्यात अशी नाणी भरपूर आहेत.

कातरणारे सम्राटाचा चेहरा सहसा शाबूत ठेवत. जायची ती काठावरची नावाची अक्षरं. म्हणून आधी मागची बाजू वाचा, पानांच्या माळेतला मजकूर मध्यभागी असल्याने वाचतो. 'व्होट एक्स मुल्ट एक्सएक्स' (VOT X MVLT XX) आणि पुढे दाढीवाला चेहरा असेल तर सम्राट ज्युलियन. दाढी आहे पण मागे बसलेली रोमा देवी, तर सम्राट युजीनियस तपासा. तळाशी 'टीआरपीएस'चा (TRPS) वरचा भाग जरी उरला असेल तरी टांकसाळ ट्रियरची, आजच्या जर्मनीतली. 'पीएस' म्हणजे शुद्ध केलेली चांदी.

मग दहापट भिंगाखाली कड बघा. कातरलेली कड तुकड्यातुकड्याने सरळ असते. ओतीव नकलेत कडेवर सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात. हिरवा डाग दिसला तर आत तांबं असण्याची शक्यता तपासा. नाणं वाकवून मात्र बघू नका, जुनी चांदी ठिसूळ झालेली असते.