मदत हवी आहे : वर्गमित्रांच्या मेळाव्यासाठी जळगाव परिसरात व्हीलचेअर जाऊ शकेल अशी बाग

नमस्कार.

जळगावातील एका महाविद्यालयातून आम्ही १९८६ साली वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा अजून चार वर्षे होती, त्यामुळे आमच्या पदव्यांवर पुणे विद्यापीठाचे नाव आहे. पदवीला यंदा चाळीस वर्षे होत असल्याने दिवाळीपूर्वी एकत्र जमण्याचे ठरले असून २५ ऑक्टोबर २०२६ हा रविवार नक्की झाला आहे. त्याच रात्री कोजागरी आहे. जोडीदार धरून चौतीस माणसे येतील. बहुतेकांनी साठी ओलांडली आहे, निम्म्या लोकांचे गुडघे कुरकुरतात आणि मधुमेह किती जणांना आहे हे मोजण्याचे आम्ही आता सोडून दिले आहे.

सकाळी महाविद्यालयाच्या आवारात भेट, दुपारी भोजन आणि विश्रांती, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो संध्याकाळच्या बागेच्या सहलीवर, आणि त्याचे मूळ 'बाग' या शब्दात आहे. पुण्या-ठाण्यात स्थायिक झालेल्या मित्रांच्या डोळ्यांपुढे हिरवळ, फुलांचे ताटवे आणि बाके येतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणारी आमची एक मैत्रीण शरद म्हटला की लाल-पिवळ्या पानांच्या गोष्टी सांगते. तिला मी आठवण करून दिली की आपल्या सातपुड्यातील साग आणि अंजन पाने गाळतात ते हिवाळा सरताना, आणि आपल्याकडचा शरद ओळखायचा तो कपाशीच्या उकललेल्या बोंडांवरून. जळगाव, यावल, रावेरकडे राहिलेल्या आमच्यासारख्यांना मात्र बाग म्हणजे केळीचीच, दुसरी कुठली असेल तर तिचे नाव वेगळे सांगावे लागते.

आता अडचण सांगते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही असेच जमलो होतो आणि एका परिचितांच्या केळीच्या बागेत भर दुपारी गेलो होतो. आदल्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता, काळ्या मातीचा गारा झाला होता, आत वारा नव्हता आणि दमटपणामुळे जीव नकोसा झाला होता. केळीच्या चिकाचे डाग पडून चार साड्या आणि कितीतरी शर्ट कायमचे वाया गेले. या सगळ्यावर आम्ही नंतर हसलो. पण एका गोष्टीवर हसता आले नाही. आमच्या एका मित्राला त्याच्या आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता आणि तो व्हीलचेअरवर होता. चाके चिखलात रुतल्यामुळे त्याला पुन्हा गाडीत बसवले, आणि आम्ही बागेत फिरून, जेवून, फोटो काढून परत येईपर्यंत तो सुमारे तीन तास गाडीतच होता. मधून मधून कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसत होते, एवढेच. महाविद्यालयात असताना सातपुड्यातील पाल गावच्या जंगलातील सहलीत नमुन्यासाठी उंच फांदी हवी असली की झाडावर चढायचा तो हाच मुलगा. यंदा आमंत्रणाचा दूरध्वनी केला तेव्हा त्याने तब्येतीचे कारण सांगितले. नंतर वहिनींनी मला वेगळे सांगितले की तब्येत ठीक आहे, त्यांना पुन्हा गाडीत बसून राहायचे नाही.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. जळगावपासून तासाभराच्या आत व्हीलचेअर खरोखर आतपर्यंत जाऊ शकेल अशी बाग, मळा किंवा आमराई कशी निवडावी? केळीची बाग पुन्हा निवडली तर कोणती काळजी घ्यावी? आणि ऑक्टोबरमध्ये भरीत होते का, की उगीच हट्ट धरू नये? चूल पेटवायला परवानगी असलेली जागा हवी, कारण कोजागरीचे दूध तेथेच आटवायचे आहे.

प्रतिसाद : केळी उत्पादक, रावेर तालुका

ताई, मागच्या वेळी तुम्हाला बागेत नेणाऱ्यांनी वेळ आणि बाग या दोन्ही गोष्टी चुकीच्या निवडल्या होत्या, असे स्पष्ट सांगतो. आमच्याकडे झाडे साधारण पाच-पाच फुटांवर असतात. वाढलेल्या बागेत पानांचे छत एकमेकांत गुंततात, जमिनीवर ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात आणि वाळलेल्या पानांचा थर असतो. अशा ठिकाणी व्हीलचेअर चालणार नाही, पाऊस नसला तरी चालणार नाही. तुमच्या मित्रांना बागेच्या आत नेण्याचा विचार सोडावा आणि बागेच्या कडेने जाणारा पक्का रस्ता शोधावा. घड कापल्यावर माल उचलायला ट्रॅक्टर किंवा ट्रक जिथपर्यंत येतो, तिथपर्यंत मुरूम टाकून रस्ता केलेला असतो. त्या रस्त्याच्या एका बाजूला घड लागलेली मृगबाग (म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) आणि दुसऱ्या बाजूला नुकतीच लावलेली कांदेबाग (तीही केळीचीच, पावसाळा सरताना लावलेली) असे दृश्य त्या महिन्यात मिळू शकते, कारण कांदेबागेची लागवड त्याच सुमारास होते. वनस्पतिशास्त्राच्या लोकांना गुडघ्याएवढे रोप आणि लटकलेला घड एकाच जागी उभे राहून पाहता येईल.

मालकाला दोन गोष्टी आधी सांगून ठेवाव्यात. रस्त्यालगतच्या भागाचे ठिबक दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगावे, कारण शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली तर तुम्ही यायच्या आधीच्या रात्री पाणी सोडलेले असायचे. दुसरे म्हणजे एवढी माणसे वेगवेगळ्या गावांहून येणार असतील तर बुटांना लागलेली माती झटकून मगच त्यांना शेतात येऊ द्यावे. केळीवरील मर रोगाची बुरशी मातीतून पसरते आणि मातीबरोबर बुटांवरूनही येते. चौतीस पाहुण्यांना पाय पुसायला लावणे अवघड वाटले तरी जाणता मालक हे मागणारच, आणि मागत नसेल तर तुम्ही स्वतः करावे.

चिकाबद्दल काय सांगू? तो लागला की निघत नाही. जुने कपडे घाला, आणि पान, घड, केळफूल कशालाही हात लावू नका. फोटोसाठी घडाला मिठी मारणारा एक तरी पाहुणा प्रत्येक वेळी असतोच. सातपुड्याला लागून असलेल्या बागांमध्ये बिबट्या शिरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, म्हणून अंधार पडल्यावर बागेच्या आत कोणी जाऊ नये. खळ्यावर उजेडात बसायला हरकत नाही.

प्रतिसाद : जळगाव शहर

शेतात जाण्याचा अट्टहास कशासाठी? शहरात भाऊंचे उद्यान आहे, मेहरूण तलावाचा काठ आहे, जैन हिल्सवर २०१२ साली सुरू झालेले गांधीतीर्थ आहे. रस्ते पक्के, स्वच्छतागृहे जवळ, आणि कोणाची प्रकृती बिघडली तर रुग्णालय दहा मिनिटांवर.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. शहरातील पर्याय आम्ही दुपारच्या आधीच्या वेळेसाठी ठेवत आहोत. विशेषतः गांधीतीर्थ परगावच्या मंडळींना दाखवायचे आहे. परंतु सार्वजनिक उद्यानात चूल पेटवता येणार नाही, आणि चौतीस माणसांचा गोंधळ इतरांच्या संध्याकाळवर लादणे मला योग्य वाटत नाही. शिवाय आमच्या मित्राला रोज संध्याकाळी उद्यानातच नेतात. त्याला उद्यानाचे अप्रूप उरलेले नाही. वहिनींच्या सांगण्यानुसार त्याने सात वर्षांत उभे पीक जवळून पाहिलेले नाही.

प्रतिसाद : घरी व्हीलचेअर असलेली व्यक्ती, भुसावळ

माझे वडील नऊ वर्षे व्हीलचेअरवर होते, म्हणून अनुभवाने लिहितो.

चिखलात किंवा भुसभुशीत मातीत आधी रुतात ती पुढची लहान चाके. अशी जागा आली की खुर्ची मागे कलती करून, पुढची चाके उचलून, उलट्या दिशेने ओढत न्यावी. ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे जाते. तीन-चार जाड प्लायवूडचे तुकडे गाडीत टाकून न्यावेत. एक खुर्चीखाली आणि एक पुढे असे सरकवत मऊ पट्टा ओलांडता येतो. ओटा किंवा पायरी असेल तर उतरणीसाठी एक इंच उंचीला किमान एक फूट लांबी धरावी, म्हणजे सहा इंचांच्या ओट्याला सहा फूट लांबीची फळी लागेल. लोक दोन फुटांची फळी लावतात आणि मग चौघे मिळून माणसाला पोत्यासारखे उचलतात. ते टाळावे, त्याचा अपमान वाटतो.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे स्वच्छतागृह. शेतात कमोड नसतो, आणि म्हणून असे लोक सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात ते धोक्याचे आहे. घडीची कमोड खुर्ची आणि आडोशासाठी कनात एवढी सोय केली तरी पुरते, आणि तशी सोय केली आहे हे त्यांना आधी, खासगीत कळवावे. जागा पाहायला जाल तेव्हा रिकामी व्हीलचेअर बरोबर न्या आणि त्यात तुमच्यापैकी कोणा वजनदार माणसाला बसवून ती पूर्ण वाटेवर फिरवून पाहा. "चालेल हो" असे म्हणणाऱ्या मालकावर विसंबू नका. तो खोटे बोलत नसतो, त्याने कधी खुर्ची ढकललेली नसते.

आणखी एक सुचवतो. त्यांना "तू ये, आम्ही सगळे सांभाळू" असे म्हणू नका. जागेची छायाचित्रे पाठवा आणि कोणती जागा जमेल हे त्यांनाच विचारा.

प्रतिसाद : गृहिणी, यावल तालुका

भरताचे विचारले आहे म्हणून लिहिते. मोठी हिरवी भरताची वांगी ऑक्टोबरमध्ये यायला लागतात, पण त्यांची खरी गोडी थंडी पडल्यावरची. दिवाळीआधीच्या वांग्याचे भरीत होईल, चांगलेही होईल, फक्त परगावच्या पाहुण्यांनी त्यावरून खानदेशी भरताची परीक्षा करू नये. दुसरी अडचण जळणाची आहे. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली तर तो धुरकट वास येतो, आणि त्या वेळी नवी कपाशी तर शेतात उभी असते. म्हणून कोणाकडे मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या छपराखाली कोरड्या ठेवलेल्या आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. पावसात भिजलेल्या असतील तर नुसता धूर होईल आणि वांगे वरून काळे, आतून कच्चे राहील. माणशी पाव किलो वांगी धरा. ठेचायला बडगी, म्हणजे लाकडी खोलगट भांडे, मिळाली तर उत्तम. मिक्सरमध्ये फिरवलेल्या लगद्याला मी भरीत म्हणत नाही. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी करावी, पुरी नको, वय पाहता तेल आधीच पुष्कळ होईल.

मला विचाराल तर मुख्य जेवण वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचे ठेवावे आणि भरीत चवीपुरते करावे. दूध मात्र दोन पातेल्यांत आटवा, एक साखरेचे आणि एक बिनसाखरेचे, आणि पातेल्यांवर खडूने लिहून ठेवा. आमच्याकडे एकदा अंधारात अदलाबदल झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तीन काकांच्या साखरेचे आकडे पाहून घरात धावपळ उडाली होती.

धागाकर्ती

आपण सर्वांनी इतके नेमके लिहिले याबद्दल मनापासून आभार. गेल्या पंधरा दिवसांत काय घडले ते नोंदवते, म्हणजे पुढे कोणाला हा धागा उपयोगी पडला तर अर्धवट वाटणार नाही.

आम्ही तिघे जण यावल तालुक्यातील दोन मळे आणि एरंडोलकडील एक आमराई पाहून आलो. आमराई सुंदर आहे, सावली उंच आणि मोकळी आहे, जमीन कोरडी आहे. पण रस्त्यापासून झाडांपर्यंतची शेवटची दोनशे पावले नांगरलेल्या शेतातून जातात. रिकामी खुर्ची नेण्याचा सल्ला येथेच कामी आला, कारण मालकांनी "सहज जाईल" म्हटले होते आणि आमच्यातील सर्वांत धष्टपुष्ट मित्र पंधराव्या पावलाला मातीत तिरका झाला. यावलकडील दुसऱ्या मळ्यात मात्र मुरमाचा रस्ता थेट खळ्यापर्यंत जातो, खळ्याला फरशी आहे, कडेला मोठी चिंच आहे आणि तिच्या एका अंगाला घड धरलेली बाग अगदी हाताच्या अंतरावर आहे. मालकांनी ठिबक बंद ठेवण्याचे मान्य केले आणि पाय पुसण्याचा विषय आम्ही काढण्याआधी त्यांनीच काढला, त्यावरून माझा निम्मा निर्णय झाला.

छायाचित्रे मित्राला पाठवली आणि काहीही न सुचवता केवळ मत विचारले. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने एका छायाचित्रावर बोट ठेवून विचारले की चिंचेखालच्या ओट्याची उंची किती आहे, आणि खाली लिहिले की आम्ही केळीला झाड म्हणत असू तर आमच्या पदव्या पुणे विद्यापीठाने परत मागाव्यात, कारण तो पानांच्या आवरणांचा बुंधा आहे. ओटा नऊ इंच आहे. नऊ फुटांची फळी सुताराला सांगितली आहे.

वेळापत्रक असे ठरले आहे : उन्हाचा ताप उतरल्यावर साडेचारला मळ्यावर पोहोचणे, उजेड आहे तोवर रस्त्यानेच बाग पाहणे, आणि मग खळ्यावर बसणे. त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि चंद्र त्याच्या थोडा आधीच वर येतो, त्यामुळे पूर्वेकडचा भाग मोकळा राहील अशा बेताने सतरंज्या आणि खुर्च्या मांडणार आहोत. खुर्च्या सर्वांनाच, म्हणजे एकटा तोच उंचावर बसलेला दिसणार नाही. घडीची कमोड खुर्ची भाड्याने मिळाली आहे. पाऊस आलाच तर शेजारच्या पत्र्याच्या गोदामात बसण्याची मालकांनी मुभा दिली आहे.

तो येतो म्हणाला आहे, मात्र वांगी भाजण्याचे काम आपल्याकडे द्यावे, एका हाताने चिमटा व्यवस्थित धरता येतो, अशी त्याची अट आहे.

आता दोनच गोष्टी उरल्या आहेत. कोरड्या पऱ्हाट्यांचे दोन-तीन भारे आणि एक मोठी बडगी एका दिवसापुरती हवी आहे. फैजपूर, यावल किंवा भुसावळ परिसरात कोणाकडे असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. आणण्याची आणि धुऊन परत करण्याची जबाबदारी आमची.